प्रवेश मिळाला, पुढे काय? आनंदीबाई जोशी आणि ज्ञानाची मालकी

पत्रिकेवर आजचा विषय फार भारदस्त छापला आहे, 'स्त्रीवादी तत्त्वज्ञान आणि ज्ञानशाखांमधील समता'. एवढं वाचून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानते. विषय जड वाटू नये म्हणून सुरुवात जर्मनी-फ्रान्सपासून न करता कल्याणपासून करू या. कल्याणात राहून आनंदीबाई जोशींचं नाव ऐकलं नाही असा माणूस विरळा. तरीही माझी तक्रार आहे. आपण आनंदीबाईंची गोष्ट शंभरदा ऐकली, त्यांचं म्हणणं मात्र फारसं ऐकलं नाही. आजचं व्याख्यान ह्या एका तक्रारीवरच आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. जन्म १८६५, माहेरचं नाव यमुना, कल्याणच्या जोशी घराण्यातली मुलगी. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. परत आल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी मिळणार होती. ती हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयानं त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा वयाला बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

आता बघा, ही गोष्ट आपण कशी सांगतो? 'पहिली'. पहिली भारतीय महिला डॉक्टर. आणि लगेच दुसरं वाक्य, 'गोपाळरावांनी शिकवलं म्हणून'. श्री. ज. जोशींची कादंबरी १९६८ ची, तिचं नावच 'आनंदी गोपाळ'. त्यावरून नाटक आलं. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा चित्रपट आला, त्याचंही नाव तेच. कादंबरी वाचनीय आहे, तिनं आनंदीबाईंना घराघरांत नेलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण कादंबरीचा गुरुत्वमध्य गोपाळराव आहेत. तऱ्हेवाईक, हट्टी, नाट्यमय नवरा. लेखकाला असं पात्र हवंच असतं! मग आनंदी उरते ती त्या हट्टाचं फळ म्हणून.

आणि गंमत अशी की ह्या कादंबरीच्या कितीतरी आधी मराठीत आनंदीबाईंचं चरित्र लिहून झालं होतं. तेही एका बाईनं, काशीबाई कानिटकरांनी. आनंदीबाईंची पत्रं हाताशी घेऊन लिहिलेलं चरित्र. १९१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही निघाली. आज सभागृहात हात वर करायला सांगितलं तर कादंबरीला किती हात येतील आणि काशीबाईंच्या चरित्राला किती, हे मला विचारायचीसुद्धा गरज नाही. पुढे मीरा कोसंबी यांनी ती पत्रं, ती भाषणं पुन्हा एकत्र आणली, आनंदीबाईंची तुकड्यातुकड्यांत विखुरलेली प्रतिमा जोडायचा प्रयत्न केला. त्यांचं हे पुस्तक त्यांच्या पश्चात, २०२० मध्ये आलं. म्हणजे साहित्य होतं, अभ्यासही होता. लोकांच्या मनात मात्र कादंबरीच बसली.

भाषण वाचा, गोष्ट बाजूला ठेवा

२४ फेब्रुवारी १८८३. कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर, आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षंही न झालेली ही मुलगी इंग्रजीत भाषण करायला उभी राहते. लोक तिला जे प्रश्न विचारत होते ते ती एकेक घेते. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं जे केलं नाही ते तूच का करायचं?

मांडणी बघा. आधी आक्षेप घ्यायचा, तो नीट मांडायचा, मग उत्तर द्यायचं. आपल्याकडे ह्याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. हाच प्रकार एखाद्या शास्त्रीबुवांनी केला असता तर आपण त्याला वाद म्हटलं असतं, तत्त्वचर्चा म्हटलं असतं. आनंदीबाईंनी केलं की ते 'धाडसी भाषण' होतं. धाडस होतंच, पण त्यात युक्तिवादही होता. तो आपण मोजत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर आजच्या विषयाचा गाभाच आहे. त्या म्हणतात, सोय अगदीच नाही असं नाही. मद्रासला कॉलेज आहे, इलाख्यांमध्ये सुईणपणाचे वर्ग निघाले आहेत. पण ते शिक्षण अपुरं आहे. का? तर शिकवणारे पुरुष जुन्या मताचे आहेत आणि थोडे मत्सरीही आहेत. आणि पुढे त्या अगदी शांतपणे म्हणतात, मी त्यांना दोष देत नाही, तो पुरुषजातीचा स्वभावच आहे. ह्यांची जागा घ्यायला शिकलेल्या बायका तयार होईपर्यंत ही अडचण सोसावी लागणार.

थांबा इथे. वर्ग उघडला, मुलींना आत घेतलं, म्हणजे समता आली असं ही मुलगी मानत नाही. आत काय शिकवतात, कोण शिकवतं, कुठल्या नजरेनं शिकवतं, हे ती १८८३ मध्ये विचारते आहे.

आता अमेरिकेकडे वळू. सँड्रा हार्डिंग नावाच्या तत्त्वज्ञ बाईंचं एक पुस्तक १९८६ चं आहे, आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेलं. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. पहिला, विज्ञानात स्त्रिया किती? म्हणजे प्रवेश, नोकऱ्या, बढत्या, पुरस्कार. दुसरा, हे विज्ञान स्वतः कसं घडलंय? कुठले प्रश्न ते विचारतं, कुणाचा अनुभव पुरावा म्हणून धरतं, कुणाचा सोडून देतं? पहिला प्रश्न स्त्रियांकडे बोट दाखवतो: या, आत या, आमच्यासारख्या व्हा. दुसरा प्रश्न ज्ञानशाखेकडे बोट दाखवतो: तू अशी का आहेस?

पहिल्या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर आज बरंच बरं आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचे २०२१-२२ चे आकडे बघा. एकूण ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली, म्हणजे जवळपास निम्म्या. शिक्षकांमध्ये स्त्रिया सुमारे ४३ टक्के. सकाळची कर्जत-कसारा लोकल पकडून माटुंगा-सायनला शिकायला जाणाऱ्या मुली बघितल्या तर हे आकडे सांगायचीही गरज नाही. लेडीज डब्यात नोट्स वाचत उभ्या असतात.

पण वर जाल तसतशी संख्या विरळ होते. आपलंच क्षेत्र घ्या, मराठी साहित्य. संमेलनं १८७८ पासून. २०२५ च्या दिल्लीच्या ९८ व्या संमेलनापर्यंत अध्यक्षपदी आलेल्या स्त्रिया किती? कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. हाताची बोटं पुरतात, दुसऱ्या हाताचं फक्त एक लागतं. संमेलन २०१० मध्ये ठाण्याला झालं, २०१७ मध्ये डोंबिवलीला झालं, दोन्ही वेळा अध्यक्ष पुरुष. त्या अध्यक्षांच्या योग्यतेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला फक्त हे विचारायचं आहे की बायका वाचतात, लिहितात, संमेलनाच्या मांडवात निम्म्या खुर्च्या त्यांच्या असतात, मग व्यासपीठावर चढताना त्या कुठे गळतात?

बाळंतिणीचं ऐकायचं कुणी?

दुसरा प्रश्न अवघड आहे, म्हणून त्यासाठी एक उदाहरण घेते. तेही आनंदीबाईंच्याच शास्त्रातलं, प्रसूतिशास्त्रातलं.

व्हिएन्ना, १८४० चं दशक. मोठं रुग्णालय, त्यात बाळंतिणींचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगानं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण दुसऱ्या विभागापेक्षा दुपटीहून जास्त. हे शहरातल्या बायकांना माहीत होतं. त्या पाया पडून सांगायच्या, आम्हाला पहिल्या विभागात घालू नका. डॉक्टर म्हणायचे, भीती आहे, बायकी घबराट आहे. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस ह्या डॉक्टरनं शोधलं की शवविच्छेदन करून आलेले हात न धुता डॉक्टर बाळंतिणींना तपासत होते. क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, मृत्यू झपाट्यानं कमी झाले. सेमेलवाइसचं म्हणणंही सहजी कुणी मानलं नाही, तो वेगळा विषय. पण मला सांगा, बायका काय सांगत होत्या? त्यांच्याकडे सिद्धान्त नव्हता, निरीक्षण मात्र होतं, आणि ते अचूक होतं. ते ज्ञान म्हणून कुणी नोंदवलं नाही, कारण सांगणारी बाई होती, गरीब होती, आणि कळा देत होती.

मिरांडा फ्रिकर ह्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये ह्याला नाव दिलं, ज्ञानविषयक अन्याय. त्याचे दोन प्रकार त्या सांगतात. एक, साक्षीचा अन्याय: तुमच्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे तुमच्या शब्दाला कमी वजन मिळतं. दुसरा अर्थ लावण्याचा अन्याय: जे सोसताय त्याला समाजाच्या भाषेत शब्दच नसतो, म्हणून ते तुम्हाला स्वतःलासुद्धा धड सांगता येत नाही. 'लैंगिक छळ' हा शब्द रूढ होण्याआधी कचेरीतल्या बाईनं काय सांगायचं? 'साहेब बरे नाहीत' एवढंच.

आता आनंदीबाईंच्या प्रबंधाकडे येऊ. विषय, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. अमेरिकी प्राध्यापकांपुढे आपल्या देशातलं प्रसूतीचं ज्ञान मांडायचं, आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकी पाठ्यपुस्तकं शेजारी शेजारी ठेवायची. मला ह्यात मोठी हिंमत दिसते. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड सुरू झाला होता, हिंदुस्थानातल्या बायकांना डॉक्टरणी मिळाव्यात म्हणून. हेतू चांगला, पण त्या सगळ्या बोलण्यात इथली दाई म्हणजे अज्ञान आणि घाण, असं समीकरण होतं. अशा वेळी 'आमच्याकडेही शास्त्र होतं' असं म्हणणारी ही विद्यार्थिनी वसाहतीच्या नजरेला उत्तर देते आहे.

पण टीका करायला उभं राहिलं की ती सोयीपुरती करून चालत नाही. प्रबंधाच्या शीर्षकातला 'आर्य हिंदू' हा शब्द बघा. प्रबंधाचा आधार ग्रंथ आहेत, संस्कृत परंपरेतले. आणि १८८६ मध्ये महाराष्ट्रातल्या गावागावांत बाळंतपणं कोण करत होतं? ग्रंथ? सुइणी करत होत्या. त्यातल्या कितीतरी ज्यांना अस्पृश्य म्हटलं जाई त्या जातींमधल्या. नाळ त्यांनी कापायची, विटाळ त्यांनी उचलायचा, आणि शास्त्र मात्र ग्रंथाचं. सुइणींचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. अस्वच्छ हत्यारानं नाळ कापल्यामुळे धनुर्वातानं मुलं दगावत होती, हे खरं आहे. पण व्हिएन्नाच्या डॉक्टरांचे हातही स्वच्छ नव्हते. एकाच्या चुकीला आपण 'विज्ञानाचा इतिहास' म्हणतो आणि दुसरीच्या चुकीला 'अडाणीपणा'. हा फरक कुठून आला?

ह्याच ठिकाणी मला मुक्ताबाई साळवे आठवते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यात ती बाळंतपणाबद्दल लिहिते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती विचारते. आणि त्याच निबंधात ती धर्माला प्रश्न करते: वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांना असेल, तर मग आमचा धर्म कुठला?

आनंदीबाईंच्या प्रबंधाच्या एकतीस वर्षं आधी बाळंतपणावर झालेलं हे मराठी लेखन आहे. प्रसूतिशास्त्रात ते बसत नाही, कारण त्यात शरीर नाही, निवारा आहे. पण आज कुठल्याही सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकाला विचारा, बाळंतिणीचा जीव जाण्यामागे निवारा, अन्न आणि जात असते की नाही? म्हणजे मुक्ताबाई जे बघू शकली ते ग्रंथातून दिसत नव्हतं. ती जिथे उभी होती तिथून ते दिसत होतं. शर्मिला रेगे १९९८ पासून हेच मांडत होत्या. दलित स्त्रियांचं बोलणं वेगळं आहे एवढ्यावर थांबू नका, त्यांच्या भूमिदृष्टीतून सगळ्याच स्त्रीवादाची, सगळ्याच ज्ञानाची फेरमांडणी करा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यासाठी त्या जातीत जन्मलंच पाहिजे असंही नाही. ती दृष्टी अभ्यासानं, संघर्षानं कमवावी लागते.

कपाट कुठलं?

माझा मुख्य आक्षेप आता सांगते. ग्रंथालयात जा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, आनंदीबाईंपेक्षा एक वर्षानं मोठं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. ह्या भागाला पुस्तकांची जुनी परंपरा आहे. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रंथालयात किंवा अभ्यासक्रमात आपल्या डोक्यातली कपाटं कशी लावलेली असतात? रानडे, आगरकर, टिळक ह्यांचं कपाट 'विचारवंत'. मुक्ताबाई, ताराबाई शिंदे, आनंदीबाई ह्यांचं कपाट 'समाजसुधारणा' किंवा 'स्त्रीशिक्षणाचा इतिहास'. पुरुषांनी विचार केला आणि बायकांवर सुधारणा झाली!

ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं. जोतिरावांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. मग ते विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून समोर आणलं. मधली नव्वद-ब्याण्णव वर्षं मराठीत स्त्री-पुरुष नीतीवर किती व्याख्यानं झाली असतील! ताराबाईंचा सवाल मात्र साधा होता. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? एकच माप दोघांना का लावत नाही? नीतिशास्त्राच्या वर्गात ह्याला सार्वत्रिकतेची कसोटी म्हणतात आणि जर्मन तत्त्वज्ञाच्या नावानं शिकवतात. ताराबाईंच्या नावानं का नाही शिकवत?

आनंदीबाईंचंही तसंच. अमेरिकेतून त्यांनी गोपाळरावांना एक पत्र लिहिलं. लहानपणी शिकवताना नवऱ्यानं दिलेला मार त्यात आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलेलं, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकून मारलेली. आणि मग त्या काय करतात? रडत नाहीत, शापही देत नाहीत. त्या तोलून बघतात. शेवटचा हेतू पाहिला तर तुमचं वागणं बरोबर वाटतं, पण लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होईल हे पाहिलं तर ते चूकच म्हणावं लागतं, असा त्यांचा निवाडा आहे. म्हणजे फळ चांगलं मिळालं म्हणून साधन शुद्ध ठरत नाही. आणि हे कोण म्हणतंय? जिला ते फळ मिळालं तीच! आपण मात्र अजून टाळ्या वाजवतो, 'गोपाळराव कडक होते म्हणून आनंदी घडली'. आनंदीबाईंनी स्वतः नाकारलेला निष्कर्ष आपण दीडशे वर्षं त्यांच्या तोंडी घालत आलो. फ्रिकरबाईंचा साक्षीचा अन्याय म्हणतात तो हाच. साक्षीदार हजर आहे, साक्ष लेखी आहे, आणि निकाल तिच्याविरुद्ध.

म्हणून माझी मागणी लहान आहे. तत्त्वज्ञानाच्या, नीतिशास्त्राच्या, वैद्यकाच्या इतिहासाच्या वर्गात हे तीन-चार मजकूर ठेवा. जयंतीच्या हारासाठी नको, परीक्षेतल्या प्रश्नासाठी ठेवा. 'आनंदीबाईंचे जीवन थोडक्यात लिहा' असा प्रश्न नको. 'हेतू आणि साधन याविषयी आनंदीबाईंचा युक्तिवाद तपासा' असा प्रश्न हवा. त्यांच्याशी असहमत व्हायलाही मुभा असावी. ज्याच्याशी आपण वाद घालतो त्यालाच आपण विचारवंत मानतो. ज्याची फक्त पूजा करतो त्याला नाही.

प्रश्नोत्तरांमधून

श्रोता: मॅडम, मुलींना शाळेत जायला मिळत नव्हतं तिथून आपण इथवर आलो. तुम्ही थोडंही समाधान मानू देत नाही. आणि विज्ञानात बाईचा-पुरुषाचा प्रश्न कसा येतो? हृदय कसं चालतं ते सगळ्यांना सारखंच.

उत्तर: समाधान जरूर माना. मिळालेला प्रवेश कुणी फुकट दिलेला नाही. कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं होतं. त्या अडून बसल्या, मग अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. ती लढाई खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही.

आणि हृदयाचं उदाहरण तुम्ही छान दिलंत. हृदयविकाराच्या झटक्यात छातीतली कळ हे मुख्य लक्षण, ते बायकांतही असतंच. पण दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कमालीचा थकवा, ही लक्षणं बायकांमध्ये जास्त वेळा जोडीला दिसतात. बराच काळ अभ्यास मुख्यतः पुरुषांवर झाले आणि पुस्तकात पुरुषांचं चित्र 'नेहमीचं' म्हणून छापलं गेलं. बायकांचं 'वेगळं' ठरलं. मग घरातली बाई म्हणते मळमळतंय, थकल्यासारखं वाटतंय, आणि आपण म्हणतो, पित्त झालं असेल, जरा पड. हृदय सारखंच चालतं हो, पण कुणाच्या हृदयाचं ऐकून पुस्तक लिहिलं त्यानं फरक पडतो. घरी गेल्यावर एवढं लक्षात ठेवलंत तरी आजचं व्याख्यान कामी आलं असं मी समजेन.